शब्दचर्चा : 'ईगल रे'ला मराठीत काय म्हणावं?

गंगाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्री प्राण्यांचे फलक मराठीत करते आहे. कच्चा मजकूर संगणकाने भाषांतर केलेला आहे आणि त्यात 'ईगल रे'चं चक्क 'गरुड किरण' झालंय. पुढचं वाक्य असं: "गरुड किरण समुद्रतळाशी शिंपले खातात." भौतिकशास्त्राच्या बाईंनी हे वाचलं तर फलक माझ्याच डोक्यात घालतील.

'ईगल रे' तसंच ठेवू का? की आपल्याकडे शब्द आहे? चित्रातल्या माशाची पाठ काळसर, तिच्यावर पांढरे ठिपके, शेपटी भलतीच लांब. शास्त्रीय नाव 'एटोबॅटस नॅरिनारी' दिलंय.

पाटीपेन्सिल
'ईगल रे' ठेवू नका. आपली पोरं दिवसभर एकमेकांना "ए ईगल रे" अशा हाका मारत बसतील, 'रे' हा मासा आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. 'समुद्रगरुड' कसं वाटतं? फ्रेंचमध्येही याच अर्थाचं नाव आहे.

घाटमाथा
समुद्रगरुड हे नाव आधीच पक्ष्याला दिलेलं आहे हो. पांढऱ्या पोटाचा, राखाडी पाठीचा, कोकणात किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटं बांधणारा. मी शाळांच्या सहली नांदूर मध्यमेश्वरला नेतो. तिथे घार, गरुड, ससाणा यांतला फरक सांगतानाच घसा बसतो. त्यात शिंपले फोडणारा समुद्रगरुड आला तर पोरं माझीच उलटतपासणी घेतील.

दर्याकिनारी
ताई, मी मूळचा मालवणचा, आता सातपूरला असतो. आमच्याकडे असल्या चपट्या, पंखवाल्या माशांना वागळी म्हणतात. म्हणताना डोळ्यांसमोर वाघूळच येतं, कारण जाळ्यातून काढून वाळूत टाकली की ती दिसतेही तशीच. मुंबई-पालघरकडे तोच पाकट. नाशिकला मासळी कसारा घाट चढून बर्फातून येते ती बहुतेक तिकडची, त्यामुळे इथल्या बाजारात विचाराल तर 'पाकट' हाच शब्द चालेल.

एक मात्र आहे. पाकट म्हटलं की आमच्या लोकांना वाळूत दडून बसलेला, पाय पडला की शेपटी हाणणारा मासा आठवतो. तुमच्या चित्रातला तसा बसून राहणारा दिसत नाही.

जुना प्राणिशास्त्री
दर्याकिनारी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. नाव ठरवण्याआधी हा प्राणी नेहमीच्या पाकटापेक्षा कुठे वेगळा पडतो ते बघू.

नेहमीचा पाकट म्हणजे तळावर पसरलेली थाळी. डोळे वर, तोंड खाली, डोकं शरीरात मिसळून गेलेलं. पोहताना तो परांच्या कडा लाटेसारख्या हलवतो. ईगल रेचं डोकं शरीरापासून वेगळं उठून दिसतं, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि पर टोकदार, त्रिकोणी. ते तो वरखाली मारतो, पक्ष्यासारखेच. दिवसाचा बराच वेळ तळापासून वर पोहत असतो, थव्याने जातो आणि पाण्याबाहेर उड्याही घेतो. 2008 साली अमेरिकेत फ्लोरिडा कीजजवळ असा एक मासा उसळून चालत्या बोटीत पडला आणि एका महिलेचा मृत्यू झाला. तो काट्याने नव्हे, आदळण्याच्या माराने. मोठ्या माशाची रुंदी या परापासून त्या परापर्यंत 3 मीटरच्या आसपास जाऊ शकते, तेव्हा वजनाचा अंदाज करा.

आता तोंड. मी शिकवायचो त्या महाविद्यालयात एक सुटा जबडा होता आणि दर वर्षी तो मुलांच्या हातात द्यायचो. दात सुटे नसतातच. प्रत्येक दात जबड्याच्या रुंदीएवढा आडवा, एकामागे एक घट्ट बसलेला, अशी एकच ओळ. वरच्या पट्टीतले जवळपास सरळ. खालच्या पट्टीतले मधे मुडपलेले, गालिच्यावरच्या कोनांच्या नक्षीसारखे एकात एक बसलेले, आणि ती पट्टी पुढे निघालेली. पुढची कड झिजून गुळगुळीत झालेली, मागची कोरी. पुढचे दात झिजून पडतात तसे मागून नवे सरकत येतात. मुलं आधी म्हणायची, "सर, हे हाड आहे." यात हाड औषधाला नाही. सांगाडा सगळा कूर्चेचा, शार्कसारखाच.

याच दातांनी तो शिंपले, शंखातल्या गोगलगायी आणि खेकडे फोडतो. चपट्या, बदकाच्या चोचीसारख्या नाकाडाने वाळू उकरायची, शिंपला उचलायचा, भरडायचा. तोंडातल्या मऊ गाठींनी मांस वेगळं करून कवचाचे तुकडे थुंकून टाकायचे. याच्या जवळच्या एका प्रजातीला, म्हणजे नात्यातल्या जातींच्या गटाला, 'मायलिओबॅटिस' म्हणतात, आणि ग्रीकमधला 'मायलोस' म्हणजे जातं.

पाटीपेन्सिल
म्हणजे 'जातेपाकट'! गरुड सोडून द्या.

जुना प्राणिशास्त्री
कल्पना झकास आहे, पण दात दिसायला मासा मरावा लागतो. पंख जिवंतपणी दिसतात. शिवाय गरुडाचं नाव फार जुनं आहे. ॲरिस्टॉटलने कूर्चेच्या सांगाड्याचे मासे सांगताना 'एटोस', म्हणजे गरुड, हे नाव घेतलंय. लिनियसने 1758मध्ये भूमध्य समुद्रातल्या माशाला 'अक्विला' म्हटलं, तो लॅटिनमधला गरुड. 'एटोबॅटस' म्हणजे सरळसरळ गरुड अधिक पाकट. तुम्ही काही बनवायलाच नको, दोन हजार वर्षं तयार पडून आहे.

घाटमाथा
मग माझी एक सूचना. जपानीत या माशाला 'तोबिएई' म्हणतात. 'एई' म्हणजे पाकट आणि 'तोबी' म्हणजे घार. तेव्हा गरुडच हवा असं कुणी सांगितलंय? घार पंख न हलवता तरंगत राहते, गावातल्या प्रत्येक पोराला ओळखता येते. गरुड नाशिकच्या किती मुलांनी पाहिलाय? 'घारपाकट' म्हणा.

दर्याकिनारी
घारीला माझी ना नाही. पण 'गरुड' म्हटल्यावर मुलांना विष्णूचं वाहन आठवतं, मोठे पसरलेले पंख आठवतात. आकाराची भव्यता 'घार'मध्ये येत नाही. दोन-तीन मीटरचा मासा आहे हो.

शुद्धलेखन
मलाही गरुडच बरा वाटतो, पण कारण वेगळं. उद्या कुणी मूल हाच शब्द घेऊन दुसऱ्या पुस्तकात गेलं तर शास्त्रीय नावाशी जोड लागली पाहिजे. घारपाकट आणि 'एटोबॅटस' यांच्यात ती लागत नाही, गरुडपाकटाशी लगेच लागते. वागळी की पाकट, हा मात्र नाशिकपुरता प्रश्न आहे. सिंधुदुर्गात फलक लावायचा असता तर मी गरुडवागळीच म्हटलं असतं.

दर्याकिनारी
हे बरं बोललात. एका लॅटिन नावाने तर वागळीचीच बाजू घेतली आहे असं ऐकलंय?

जुना प्राणिशास्त्री
हो, 'एटोमायलियस व्हेस्परटिलिओ'. गरुडपाकटांपैकीच एक, पाठीवर जाळीदार नक्षी असलेला. ब्लीकर या डच डॉक्टरने 1852मध्ये नाव दिलं. व्हेस्परटिलिओ म्हणजे वटवाघूळ. मालवणचा कोळी आणि डच डॉक्टर यांना माशात एकच प्राणी दिसला.

गंगाकाठ
मग 'गरुडपाकट' पक्कं करते. आता जातीचं नाव. 'ठिपकेदार गरुडपाकट' लिहू? 'ठिपकेदार' हा शब्द मला साडीच्या दुकानातला वाटतो.

घाटमाथा
'कवड्या' घ्या! काळ्यापांढऱ्या खंड्याला आपण कवड्या खंड्या म्हणतो, कवड्या साप तर घरात निघतो. गडद अंगावर पांढरी नक्षी असली की मराठी माणूस 'कवड्या'च म्हणतो, पट्टे आहेत का ठिपके ते मोजत बसत नाही. कवड्या गरुडपाकट. ऐकताक्षणी डोळ्यांसमोर उभा राहतो.

पाटीपेन्सिल
वा! आणि पठ्ठ्या खातोही शंखशिंपलेच. माझं जातं मागे घेतलं.

जुना प्राणिशास्त्री
उत्तम. आता शास्त्रीय नावाकडे वळतो, तिथे खरी गडबड आहे. 'नॅरिनारी' हे ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव. युफ्रासेनने 1790मध्ये ते शास्त्रीय नावात घेतलं. पुढे जगभरच्या उष्ण समुद्रांत जिथे जिथे पांढऱ्या ठिपक्यांचा गरुडपाकट दिसला तिथे तिथे हेच नाव चिकटवलं गेलं, आपल्या किनाऱ्यावरही. आमच्या प्रयोगशाळेतल्या बरणीवर तेच होतं. 2010मध्ये संशोधकांनी आकारमान आणि जनुकं तपासून दाखवलं की हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांतातला मासा वेगळी जात आहे: 'एटोबॅटस ऑसेलेटस'. हे नाव कूलने 1823मध्येच दिलेलं होतं, मधल्या काळात ते अडगळीत पडलं होतं. ऑसेलेटस म्हणजे डोळ्यांसारख्या ठिपक्यांचा. नॅरिनारी आता फक्त अटलांटिकमधल्या माशाला म्हणतात, अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरचा 'लॅटिसेप्स' आणखी निराळा.

कुळही बदललं आहे. जुन्या पुस्तकांत हे सगळे 'मायलिओबॅटिडी' कुळात सापडतील. आता एटोबॅटस प्रजातीला 'एटोबॅटिडी' हे स्वतंत्र कुळ दिलं जातं. मांटा वगैरे सैतानपाकट भाऊबंद खरे, पण त्यांचं कुळ वेगळं आणि ते गाळून खाणारे.

नावात काय ठेवलंय असं कुणी म्हणेल. जपानच्या आरिआके समुद्रात शिंपल्यांची शेती फस्त करतो म्हणून एका गरुडपाकटाची ठरवून मासेमारी चालली होती. तो 'फ्लॅजेलम' या जातीचा समजला जाई. 2013मध्ये तो वेगळीच जात निघाला: 'एटोबॅटस नारुतोबिएई'. म्हणजे कोणती जात कमी करतोय हे नीट ठरण्याआधीच ती कमी करायचं काम सुरू होतं. आणि या माशांची वीण फार सावकाश होते.

गंगाकाठ
सर, विणीवरूनच अडलंय. मजकुरात "अंडी घालत नाही, अंडजरायुज आहे" असं आहे. पाचवीच्या मुलांना काय कळणार?

जुना प्राणिशास्त्री
'अंडजरायुज' म्हणजे अंडी पोटातच ठेवून पिल्लं देणारा. हा शब्द तसाही इथे अपुरा आहे. त्यातून असं वाटतं की पिल्लू फक्त अंड्यातल्या बलकावर वाढतं. सुरुवातीला तसंच असतं. पुढे आईच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून दुधासारखा पौष्टिक स्राव येतो आणि पिल्लू त्यावर पोसलं जातं. नाळ मात्र नाही. गर्भ जवळपास वर्षभर राहतो, पिल्लं मोजकीच, बहुधा चारापर्यंत. जन्मताच ती वीत-दीड वीत रुंद असतात.

शुद्धलेखन
सरळ "मादी विते" असं लिहा. गाय विते, शेळी विते, मग पाकटाने काय घोडं मारलंय? खेड्यातून आलेल्या मुलाला ते शहरातल्या मुलाआधी कळेल.

दर्याकिनारी
आणि 'नांगी' लिहिलं असेल तर खोडा. नांगी विंचवाची, शेपटीच्या टोकाला. या माशाचे काटे शेपटीच्या बुडाशी असतात, छोट्या पराच्या लगेच मागे. कधी एक, कधी अनेक. लोक लांब शेपटीचं टोक टाळतात आणि बुडाकडे धरायला जातात, तिथेच घात होतो. आमच्यात त्याला काटाच म्हणतात. "पाकट चावला" असंही लिहू नका, काटा लागतो. 2013च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना पाकटांचे काटे लागले, तेव्हा "चावला" हेच ऐकू येत होतं.

जुना प्राणिशास्त्री
काट्याला करवतीसारखे उलटे दाते असतात आणि त्याच्या आवरणात विष. ते उष्णतेने निकामी होतं, म्हणून जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून दवाखाना गाठायचा. फलकावर जागा असेल तर हे घाला. नाशिकची मुलं सुट्टीत समुद्रावरच जातात.

गंगाकाठ
हा मजकूर छापायला देते, बघा:

"कवड्या गरुडपाकट. शास्त्रीय नाव : एटोबॅटस ऑसेलेटस. हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या उथळ, उबदार पाण्यात, प्रवाळांजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी आढळतो. पंखांसारखे पर वरखाली हलवत पोहतो. चपट्या दातांनी शिंपले भरडून खातो. मादी वर्षभराच्या गर्भारपणानंतर मोजक्या पिल्लांना विते. शेपटीच्या बुडाशी विषारी काटे असतात."

शुद्धलेखन
'विते' अकर्मक आहे. "पिल्लांना विते" नको. "मादी वर्षभराने विते आणि तिला मोजकीच पिल्लं होतात."

घाटमाथा
छायाचित्र कुठलं आहे, ताई?

गंगाकाठ
खाली बारीक अक्षरात 'बहामाज' लिहिलंय.

जुना प्राणिशास्त्री
म्हणजे अटलांटिकमधला. तो मासा खरोखरच नॅरिनारी आहे आणि संगणकाने तेवढं बरोबर दिलं होतं. दोनपैकी एक करा. चित्र तेच ठेवायचं असेल तर शास्त्रीय नाव नॅरिनारी आणि ठिकाण अटलांटिक महासागर. आपल्याकडचा मासा दाखवायचा असेल तर चित्र बदला, मालदीव किंवा लक्षद्वीपचं घ्या. मराठी नाव दोघांनाही चालेल.

गंगाकाठ
चित्र बदलते. छपाईवाले कुरकुर करतील, पण फलक उद्या दुपारी मशीनवर चढायचाय, तोवर होईल.