मदत हवी आहे : याशिका इलेक्ट्रो ३५ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात फोकसच्या दोन प्रतिमा जुळत नाहीत, वरचं झाकण घरी उघडावं का?

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाटच्या आतल्या एका गावात राहतो. "जवळच्या कॅमेरावाल्याला दाखवा" एवढं सोडून काहीही सांगा. इथे जवळ म्हणजे नागपूर, आणि तिथे विचारलं तर "ठेवून जा, बघू" इतकंच उत्तर मिळालं. बाजारातल्या घड्याळवाल्या काकांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला आणि "भाऊ, यात सर्किट असन तर मी हात नाही लावत" म्हणून परत दिला. त्यांचं बरोबरच आहे.

कॅमेरा मोठ्या काकांचा आहे, याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. लेन्स ४५ मिमी, एफ/१.७. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. म्हणून ६ व्होल्टची ४एलआर४४ घातली आहे, भोवती पुठ्ठ्याची गुंडाळी आणि खाली स्प्रिंग. त्यावर लाल-पिवळे दिवे व्यवस्थित लागतात. शटर मारून फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढला की आतून 'खट्' वाजतं, म्हणजे या कॅमेऱ्यांत जुनं झालं की झिजून जाणारं ते कुप्रसिद्ध रबरी पॅड अजून शाबूत असावं.

अडचण फोकसची आहे. यात बघायच्या खिडकीत मधल्या चौकोनात दुसरी प्रतिमा दिसते, रिंग फिरवून दोन्ही एकावर एक आल्या की फोकस झाला. डोळा लावला की मधला पिवळसर चौकोन अगदी फिका दिसतो. दुपारच्या उन्हात तर शोधावा लागतो. रिंग अनंतावर नेऊन शेतापलीकडचा मोबाइल टॉवर बघितला तर दोन्ही टॉवर आडवे बरोबर जुळतात, पण एक दुसऱ्यापेक्षा थोडा वर राहतो. दारं-खिडक्यांच्या आडव्या कडा तर कायम दुहेरी.

झाकणाखाली हे जुळवायचे स्क्रू असतात असं वाचलं आहे. पण रिवाइंडचा नॉब आणि लिव्हरवरची चकती काढायची कशी? आणि आतल्या काचा कशाने पुसायच्या? मागच्या दाराचा उजेड अडवणारा फोमही डांबरासारखा चिकट झालाय. "डिजिटल घ्या" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

प्रतिसाद :

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अंतर मोजलं जातं ते आडव्या सरकण्यावरून. उभा फरक डोळ्याला खुपतो, पण त्याने फोटो धूसर होत नाही. त्यामुळे घाई नाही.

झाकण उघडण्याआधी लेन्स तपासा. मागचं दार उघडून फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) ठेवून रिलीज केबलने उघडं धरा, अॅपर्चर १.७. मीटरभरावरच्या पेटत्या बल्बवरची अक्षरं कागदावर स्पष्ट आली आणि त्याच वेळी चौकोनातही आडवी जुळली, तर प्रश्न फक्त उभ्या फरकाचा आणि धुळीचा. रोल वाया न घालवता कळतं.

तरी उघडायचंच असेल तर दार उघडून नॉबखालचा, फिल्मच्या रिळात अडकणारा काटा स्क्रूड्रायव्हरने अडवा, मग वरचा रिवाइंड नॉब उलटा फिरवा, निघतो. लिव्हरवरची चकती रबराच्या बुचाने दाबून फिरवा. पकडीने ओरखडे पडतात. स्क्रू जपानी जातीचे आहेत, साधा फिलिप्स घसरून डोकं खातो. तुमच्या मॉडेलला वर हॉट शू (फ्लॅश बसवायची खाच) आहे, त्याची वायर आत जोडलेली असते, म्हणून झाकण झटक्यात उचलू नका.

अर्धपारदर्शक आरशाला कापूस घासू नका, लेप निघाला की चौकोन कायमचा गेला. तिथे फक्त ब्लोअर. बाकीच्या काचांना लेन्सचा कागद, थेंबभर आयसोप्रोपिल. तुमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत तंतू उडतात, तेव्हा हे काम काढू नका. स्क्रू हलवण्याआधी मार्करने खूण करा, फोटो काढून ठेवा, पाव फेराही जास्त समजा. जुळलं की नेलपॉलिशचा ठिपका.

फोम लाकडी काडीने आणि स्पिरिटने काढा, खाचेत काळी लोकर बसवा. शटरच्या पात्यांवर एक थेंबही पडू देऊ नका. आणि कॅमेरा चामडी केसमध्ये ठेवायचं बंद करा, पावसाळ्यात बुरशी तिथूनच येते.

मूळ लेखक :

आभार! ट्रेसिंग पेपरचं आज रात्रीच करतो. फक्त एक सांगा, उभ्या दुरुस्तीचा स्क्रू ओळखायचा कसा? झाकणाखालचा फोटो कोणाकडे असेल तर कृपया टाका.