छपराचे नुसते पत्रे पुरत नाहीत
आफ्रिकेतल्या मोझांबिकमधल्या वादळग्रस्तांसाठी चर्चने मदतीचं आवाहन केलंय. त्याला पैशांऐवजी जुने कपडे द्यावेत, असं कुणी लिहिलंय. पटलं नाही. मार्च २०१९ मध्ये इडाई वादळाने तिथल्या बेइरा शहरातली छपरंच उडवली. तिथे कपड्यांचे गठ्ठे काय कामाचे?

पण 'छपरासाठी पत्रे वाटले' एवढ्यावरही खूश होऊ नका. वादळी वारा पत्रा वर खेचतो, कडेला आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त. तिथे पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर वॉशरचा (डोक्याखाली चकती असलेला) खिळा हवा. मधे एकाआड एक चालतो. पत्रा २६ गेजचा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पातळ घेतला तर खिळ्याभोवती फाटतो. आणि वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेले नसतील तर पत्रे वाशांसकट जातात. मदतीच्या हिशेबात खिळे-पट्ट्यांचा खर्च धरलाय का, हे आधी विचारा. तोच नेमका गाळलेला असतो.