शब्दचर्चा : स्यूडोअॅन्युरिझमला ‘आभासी विस्फार’ म्हणावं का?

प्रश्न
बंदुकीच्या जखमांनंतर रक्तवाहिन्यांत होणाऱ्या गुंतागुंतीवर मराठीत लिहिते आहे. अॅन्युरिझमला, म्हणजे धमनीच्या फुगवट्याला, ‘विस्फार’ चालतो. स्यूडोअॅन्युरिझमला ‘आभासी विस्फार’ लिहिलंय, पण मन घेत नाही. फिस्टुला (धमनी आणि शीर थेट जोडली जाणं) आणि एम्बोलिझम (रक्तात वाहत आलेली वस्तू वाहिनीत अडकणं) यांनाही शब्द सुचवा.

प्रतिसाद
‘आभासी’ नकोच. रिपोर्टमध्ये ते वाचून नातेवाईक म्हणतील, म्हणजे खरं काही नाही. वस्तुस्थिती अगदी उलटी. खऱ्या विस्फारात धमनीच्या भिंतीचे थर ताणलेले असले तरी शाबूत असतात. स्यूडोअॅन्युरिझममध्ये मात्र छऱ्यानं भोक पडलं की रक्त बाहेर येऊन आजूबाजूच्या मांसात अडून राहतं, त्या पोकळीला धमनीची भिंतच नसते. म्हणून फुटायची धास्ती जास्त. वरची जखम भरते, टाके निघतात आणि काही दिवसांनी, कधी महिन्यांनी, तिथं ठोके देणारी गाठ येते. गळू समजून कुणी चीर दिली तर रक्त आवरत नाही. आधी कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, करावा. गाठीत अर्धं लाल, अर्धं निळं असं गरगरणारं रक्त दिसतं. गाठीच्या मानेशी, म्हणजे धमनीला जोडणाऱ्या अरुंद वाटेशी, प्रवाहाचा आलेख रेषेच्या वर जातो नि खाली येतो, कारण रक्त ठोक्यासरशी आत शिरतं आणि परत फिरतं. मी ‘भित्तिहीन विस्फार’ म्हणेन. लांबट आहे, पण फसवत नाही.

प्रतिसाद
भित्तिहीनला माझं अनुमोदन. फिस्टुलाला कोशांत ‘नालव्रण’ आहे, पण डायलिसिसचे पेशंट आपल्याकडे ‘हाताला फिस्टुला केलाय’ असंच सांगतात, तेव्हा फिस्टुलाच ठेवा. धमनी आणि शीर शेजारी असतात. एकाच गोळीनं दोन्ही फाटल्या की रक्त थेट शिरेत घुसतं, वर बोटं ठेवली तर थरथर लागते.

प्रश्नकर्ती
आणि एम्बोलिझम? इथे तर गोळीच वाहत जाते.

प्रतिसाद
‘अंतर्कीलन’ हा जुना शब्द छान आहे, आत खीळ बसणं. शिरेत शिरलेली गोळी हृदयाच्या उजव्या बाजूला किंवा फुप्फुसात पोचते, धमनीतली पुढे हातापायात अडकते. प्रकार दुर्मीळ, पण चुकला तर पाय जाऊ शकतो. अपघात विभागातला साधा हिशेब सांगतो: जखमांची भोकं अधिक एक्स-रेत दिसणाऱ्या गोळ्या, बेरीज सम यायला हवी. विषम आली तर गोळी दुसरीकडे शोधायची, एक्स-रे छातीपासून पायापर्यंत काढायचा. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) धातूमुळे पांढऱ्या-काळ्या रेघा उठून नेमकी हवी ती जागा झाकली जाते. मग कॅथेटर (बारीक नळी) घालून केलेली अँजिओग्राफी कामी येते. एमआरआयची घाई करू नये, गोळीत पोलाद असेल तर चुंबकानं ती हलते.

प्रतिसाद
एक भर. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये सर्जन रुडॉल्फ मातास यांनी १८८८ साली दंडातला असाच, बंदुकीच्या जखमेनंतरचा फुगवटा उघडून आतून शिवला. एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्यांच्याकडे बोटं आणि कान एवढंच होतं, आणि ठोके देणारी ती गाठ बोटांना खरीच लागत होती. ‘आभासी’ खोडा.