मदत हवी आहे: विमा कंपनीचा शुअरिटी बाँड ऑफिस घेत नाहीये

सिमेंटवाला:
काम लागलंय, स्वीकृतीपत्र हातात आहे. परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम नीट पुरं करण्याची हमी रक्कम) भरून करारनामा करायचाय, मुदत सोमवारपर्यंत. बँकेतलं बीजी (बँक गॅरंटी) लिमिट आधीच्या कामांत अडकलेलं, म्हणून विमा कंपनीचा शुअरिटी बाँड काढला, म्हणजे मी चुकलो तर ऑफिसला पैसे कंपनी भरणार. प्रीमियम भरून झाला, बाँड आला. आता लेखा शाखेतले साहेब म्हणतात, "विमा कंपनीने गॅरंटी द्यायची हे कोणी ठरवलं? सरकारची परवानगी असल्याचा कागद आणा." तो कागद कुठला, एवढंच सांगा. लवकर. तत्त्वज्ञान नको.

नांगरट:
खातं कुठलं? केंद्राचं की राज्याचं? टेंडरमध्ये सिक्युरिटी कोणत्या स्वरूपात मागितली आहे? हे न सांगता कागद कुठला सांगणार, डोंबल?

बेरकी_अण्णा:
माहिती अधिकार टाका. "बाँड नाकारण्याचे कारण लेखी द्यावे". दुसऱ्या दिवशी फोन येतो की नाही बघा.

नांगरट:
अण्णा, माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस असतात. त्यांची मुदत सोमवारी आहे.

बेरकी_अण्णा:
उत्तर नाही हो, नुसता अर्ज पुरतो. अनुभवाचे बोल आहेत.

खातेवही:
(लेखा विभागातून निवृत्त.) कागद दोन आहेत. विमा नियामक आयआरडीएआयने शुअरिटी विम्याची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२२ मध्ये काढली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. सर्वसाधारण विमा कंपन्या हे बाँड देतात ते त्यांच्या आधारावर. दुसरा कागद अर्थ मंत्रालयाचा, २ फेब्रुवारी २०२२ चा. त्याने सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या १७० आणि १७१ या नियमांत विमा शुअरिटी बाँड घातला. १७० बयाणा रकमेचा (टेंडर भरतानाची अनामत), १७१ परफॉर्मन्स सिक्युरिटीचा. दोन्ही छापून न्या.

सिमेंटवाला:
वा, हेच हवं होतं. उद्याच तोंडावर मारतो.

टक्केवारी:
थांबा. कंत्राटाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त रकमेचा बाँड देता येत नाही. तुमचा किती आहे?

खातेवही:
ती मर्यादा मूळ तत्त्वांत होती. जानेवारी २०२३ मध्ये काढली. आणि परफॉर्मन्स सिक्युरिटी ३० टक्के कोण मागतं हो?

टक्केवारी:
आमच्या एजंटने तर गेल्याच महिन्यात सांगितलं.

खातेवही:
मग एजंट बदला.

नांगरट:
सिमेंटवाले, माझा प्रश्न तसाच आहे. खातं कुठलं?

सिमेंटवाला:
नगरपरिषद. पण पैसा केंद्राच्या योजनेतला आहे, म्हणजे केंद्राचेच नियम ना?

नांगरट:
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पैसा कुठूनही येवो, टेंडर नगरपरिषदेने काढलंय. सामान्य वित्तीय नियम केंद्राच्या मंत्रालयांना आणि त्यांच्या कार्यालयांना. नगरपरिषदेला ते आपोआप लागू होत नाहीत, योजनेच्या अटींत तसं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या टेंडरमधलं कलम जसंच्या तसं इथे टाका.

सिमेंटवाला:
"राष्ट्रीयीकृत अथवा शेड्युल्ड बँकेची विनाशर्त बँक गॅरंटी किंवा मुदत ठेव पावती." झालं समाधान?

खातेवही:
मग माझे कागद अर्धंच काम करतील. विमा कंपनीला बाँड देण्याची परवानगी आहे, त्यामुळे "हे कोणी ठरवलं" हा साहेबांचा प्रश्न चुकीचा. पण कंपनीने बाँड देणं वेगळं आणि कार्यालयाने तो घेणं वेगळं. टेंडरमध्ये नाव नसेल तर ते घेणार नाहीत. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यांना द्यायचंय. मी तिथे असतो तर मीही घेतला नसता.

बेरकी_अण्णा:
म्हणूनच देश मागे आहे.

चित्रा_क:
इथे बाँडवर बोलताय म्हणून विचारते. भावाकडून कंपनीने दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतलाय. तो मोडता येतो का?

नांगरट:
चित्राताई, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

टक्केवारी:
मुळात बाँड घेतलाच कशाला? बीजीच बरी.

खातेवही:
बीजीला मार्जिन म्हणून एफडी अडकते, कमिशन वेगळं, वर तेवढं लिमिट कमी होतं. बाँडमुळे बँकेचं लिमिट मोकळं राहतं. २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारी खरेदीत बँक गॅरंटीऐवजी शुअरिटी बाँड चालवण्याची घोषणा झाली ती याचसाठी. पण फुकट काही नाही. ठेकेदार चुकला आणि कंपनीने पैसे भरले, की ती ते ठेकेदाराकडून वसूल करते. तसा करार आधीच लिहून घेतात. नेहमीच्या विम्यासारखं "कंपनी बघून घेईल" असं इथे नसतं.

सिमेंटवाला:
ते सगळं माहीत आहे. सोमवारचं काय करू?

नांगरट:
एक, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आजच लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. बाँड स्वीकारा, नाहीतर मुदत वाढवा, असं दोन्ही मागा. तोंडी भांडणाला कागदावर किंमत नाही. दोन, त्या बाँडमधली वाक्यं वाचा. टेंडरमध्ये "विनाशर्त" आहे आणि बाँडमध्ये "कसूर सिद्ध झाल्यावर" असं काही असेल तर तो कुठेच चालायचा नाही, केंद्राच्या खात्यातही. तीन, रनिंग बिलातून (काम चालू असताना निघणाऱ्या बिलांतून) अनामत कापायची सोय असेल तर आत्ता भरायची रक्कम कमी होते. कलम शोधा.

माघारी:
मुदत ठेव पावती चालतेय ना? भावकीतून पैसे गोळा करून एफडी करा, नगरपरिषदेकडे तारण ठेवा. उगाच कायदा शिकवायला गेलात तर पुढची बिलं अडकतील.

बेरकी_अण्णा:
घाबरट सल्ला.

माघारी:
अण्णा, तुमचं शेवटचं बिल कधी निघालं?

सिमेंटवाला:
अर्ज दिला, शिक्का घेतला. मुख्याधिकारी म्हणाले, बाँड नाही चालणार, पण मुदत आठवडाभर वाढवतो. एफडीची जुळवाजुळव चालू आहे. आता तो बाँड परत करून प्रीमियम सुटेल का, हे कुणाला माहीत आहे?

खातेवही:
मूळ बाँड आणि "स्वीकारला नाही" असं नगरपरिषदेचं पत्र, दोन्ही लागतील. पत्र आधी मिळवा.

चित्रा_क:
धागा काढलाय, नांगरट, बघा ना.