मदत हवी आहे: रीमिफेंटानिल मॉडेल, ८० वर्षांचा रुग्ण आणि ३ महिन्यांचं बाळ

भूलयंत्र
रीमिफेंटानिल या भुलीतल्या अल्पकाळ टिकणाऱ्या वेदनाशामकाची शरीरातली पातळी सांगणारं संशोधक मिन्टोचं १९९७चं मॉडेल आर या संगणकी भाषेत चालवतोय. तीन कंपार्टमेंट (औषध पसरतं ते शरीराचे काल्पनिक कप्पे; पहिला रक्ताचा), शिवाय मेंदूसाठी इफेक्ट-साइट, म्हणजे औषध परिणाम करतं ती जागा. लीन मास (चरबी वगळून वजन) ५५ किलो धरून वय ४० आणि ८० ला सारखाच बोलस (एकदम दिलेला डोस) दिला, तर इफेक्ट-साइटचं शिखर दोघांत जवळपास सारखं येतंय. मग वृद्धांना निम्मा डोस कशासाठी? आणि बाळासाठी वय ०.२५, लीन मास ५ टाकलं तर ईसी-५० (निम्मा परिणाम होण्यासाठी लागणारी पातळी) चक्क १९ येतो. कोडमध्ये गडबड आहे का?

औषधगती
पहिल्या भागात कोड बरोबर आहे, तुम्ही बघताय ते चुकीच्या आलेखात. केई-झिरो म्हणजे मेंदूतली पातळी रक्तातल्या पातळीशी किती वेगाने जुळते तो दर.

केई-झिरो = ०.५९५ − ०.००७ × (वय − ४०)
ईसी-५० = १३.१ − ०.१४८ × (वय − ४०)

ऐंशीला पहिलं कंपार्टमेंट लहान होतं, म्हणून रक्तातली पातळी चढते. पण केई-झिरो ०.३१५ वर उतरल्याने औषध मेंदूत सावकाश पोचतं. दोन्ही एकमेकांना खोडतात. शिखराची उंची तीच राहते, फक्त दीडऐवजी सव्वादोन मिनिटांच्या आसपास येते. फरक ईसी-५० मध्ये आहे: १३.१ चा ७.२ होतो. इफेक्ट-साइटच्या पातळीला ईसी-५० ने भागून आलेख काढा, निम्मा डोस लगेच दिसेल.

इन्फ्युजनला (सलग थेंबाथेंबाने देताना) तर वयानुसार क्लिअरन्सही, म्हणजे मिनिटाला किती रक्त औषधापासून साफ होतं तेही, घटतो. ईसी-५० गाठायला विशीत मिनिटाला ४७ मायक्रोग्रॅम लागतात, ऐंशीत १४. म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी! (हे फक्त सिम्युलेशनचे आकडे, डोस म्हणून वापरू नयेत.)

हिलगुणक
बाळाचं उत्तर: मिन्टोचा डेटा २० ते ८५ वर्षांच्या प्रौढांचा. ती सरळ रेषा खाली ओढायची नसते. तुमच्याच आकड्यांवर क्लिअरन्स काढा, मिनिटाला २.३ लिटर येईल. बाळाचं हृदयसुद्धा मिनिटाला तेवढं रक्त फेकत नाही.

अ‍ॅलोमेट्री (शरीराच्या आकारानुसार आकडे बदलण्याचा नियम) लावा: क्लिअरन्स (वजन/७०) च्या ०.७५ घाताने, व्हॉल्यूम १ घाताने. ६ किलोला क्लिअरन्स मिनिटाला साधारण ०.४ लिटर. एलिव्हेल्डचं २०१७चं मॉडेल ५ दिवसांपासून ८५ वर्षांपर्यंत जातं, सरळ तेच घ्या.

मॉर्फिनचं मॅच्युरेशन फंक्शन (वयाबरोबर क्लिअरन्स कसा परिपक्व होतो ते सांगणारं सूत्र) मात्र इथे चिकटवू नका. रीमिफेंटानिलला रक्त आणि ऊतींमधली एस्टरेझ नावाची विकरं फोडतात आणि ती जन्मतःच कामाला लागलेली असतात. मॉर्फिन यकृतातल्या ग्लुकुरोनिडेशन या रासायनिक प्रक्रियेवर अवलंबून, आणि ती नवजातात अपरिपक्व असते. तिथे निम्म्या परिपक्वतेचं वय ५४.२ आठवडे आणि हिल गुणक (वक्राचा चढ) ३.९२ घेतलं, तर पूर्ण दिवसांच्या नवजाताचा क्लिअरन्स, वजनाचा हिशोब करूनही, प्रौढाच्या जेमतेम २३ टक्के. तिथे वय पोस्टमेन्स्ट्रुअल आठवड्यांत (आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून) द्यायचं: एका आठवड्याचं बाळ म्हणजे ४१, १ नव्हे. १ दिलंत तर क्लिअरन्स शून्याला टेकतो आणि मॉडेलमध्ये मॉर्फिन साचतच जातं.

भूलयंत्र
पीके (औषधाच्या शरीरातल्या प्रवासाचा भाग) एलिव्हेल्डचं घेऊन केई-झिरो मिन्टोचा ठेवला तर चालेल?

औषधगती
नाही. केई-झिरो ज्या पीकेसोबत बसवला, त्याच्याच सोबत वापरायचा. नाहीतर शिखराची वेळ सरकते. आणि दोन्ही मॉडेलांत वेळेचं एकक मिनिटच आहे ना, ते सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) देण्याआधी बघून घ्या.