तुमच्या हातात कोणतं बायबल असतं? (अभ्यासासाठी भाषांतर निवडताना आलेले अनुभव)

आईच्या उशाशी असायचं ते बायबल आता माझ्याकडे आहे. बायबल सोसायटीचं, काळ्या कव्हरचं, शिवण सुटलेलं, समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. मी स्वतः मात्र वीस वर्षं इंग्रजीतूनच अभ्यास केला. कॉलेजातला बायबल वर्ग इंग्रजीत होता, पुढे तीच सवय राहिली. आईचं बायबल मी जपून ठेवलं होतं, उघडत नव्हते.

गेल्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) योहानाचा २१वा अध्याय वाचत होते. तळ्याकाठची ती सकाळ, न्याहरी झालेली, आणि प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? ग्रीकमध्ये इथे प्रेमासाठी दोन वेगवेगळी क्रियापदं आहेत हे एका प्रवचनात ऐकलं होतं. प्रभू पहिल्या दोन वेळा 'अगापाओ' वापरतो, पेत्र दर वेळी 'फिलेओ'ने उत्तर देतो आणि तिसऱ्या वेळी प्रभूही पेत्राच्याच शब्दावर येतो. माझ्या इंग्रजी बायबलात सगळीकडे एकच शब्द. सहज म्हणून आईचं बायबल उघडलं. तिथे प्रभू विचारतो 'प्रीती करतोस काय', पेत्र म्हणतो 'प्रेम करतो', आणि तिसऱ्यांदा प्रभू विचारतो, 'प्रेम करतोस काय?' मी तशीच बसून राहिले. हा फरक योहानाला मुद्दाम करायचा होता की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेही नंतर वाचलं. पण इतकी वर्षं जे मी इंग्रजीत शोधत होते ते आईच्या उशाशी होतं.

म्हणून हा धागा. तुम्ही अभ्यासाला कोणतं भाषांतर घेता, का घेता, कधी बदललंत? कोणती मंडळी (चर्च) बरोबर आणि कोणती चूक हा वाद इथे नको. स्वतःच्या वाचनातलं सांगा.

अहिल्यानगर, निवृत्त शिक्षिका

मी संडे स्कूलमध्ये जुन्याच भाषांतरावर वाढले. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे मला वाचता यायच्या आधी पाठ होतं. यजमान शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांच्या कानाशी तेच म्हणत होते. 'मृत्युच्छायेच्या दरीतून' हा शब्द आला की ते माझा हात दाबायचे. कुणी मला सांगितलं की मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ नुसता 'गडद अंधार' असाही होतो. असेल. पण प्रार्थनेसाठी ते स्तोत्र मी दुसऱ्या कुठल्या शब्दांत म्हणू शकणार नाही.

अभ्यासाचं मात्र वेगळं. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं ग्रीकमध्ये मिळून एकच वाक्य आहे. जुन्या भाषांतरात ते वाचताना कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे हे मला सापडेना, आणि मी तर व्याकरण शिकवलेली बाई. नातीने फोनवर सुलभ भाषांतर लावून दिलं. त्यात छोटी छोटी वाक्यं आहेत. अर्थ लख्ख कळला. मग परत जुन्याकडे गेले तेव्हा जाणवलं की पौल श्वास न घेता बोलतोय, आणि ती धाप छोट्या वाक्यांत राहत नाही. आता आधी सुलभ वाचते, मग जुनं, तेही मोठ्याने.

वसई

आमच्या घरात बोली सामवेदी, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी. मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वापरते. प्रत्येक पुस्तकाला प्रस्तावना आहे, टिपा आहेत. एकटीने अभ्यास करणाऱ्या माणसाला टिपांचा किती आधार असतो हे ज्याच्याजवळ विचारायला कुणी नाही त्यालाच कळेल. आणि मराठी अशी की कुठे परकं वाटत नाही.

आम्हा कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट मैत्रिणींच्या बायबलात ६६. एकदा त्यांच्या अभ्यासगटात मी या जास्तीच्या पुस्तकांपैकी तोबीतचा दाखला दिला आणि सगळ्या जणी पानं चाळायला लागल्या. वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, पण भाषांतर निवडताना आधी हे पाहून घ्या की तुमच्या परंपरेची सगळी पुस्तकं त्यात आहेत का. नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही.

या जास्तीच्या पुस्तकांतलं एक बेन सिराचं. त्याचं हे हिब्रू पुस्तक त्याच्या नातवाने इजिप्तमध्ये ग्रीकमध्ये आणलं, आणि सुरुवातीच्या निवेदनात हा नातू वाचकांची क्षमा मागतो. हिब्रूत जे म्हटलं आहे ते दुसऱ्या भाषेत नेल्यावर तितक्याच ताकदीचं राहत नाही, असं तो म्हणतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला भाषांतरकार! मी ते वाचलं आणि सगळ्या भाषांतरकारांबद्दल माझ्या मनात माया दाटून आली.

पालघर

आई चाळिशीनंतर अक्षरं शिकली. तिच्यासाठी सुलभ भाषांतर आणलं, मोठ्या टायपातलं. 'नीतिमान ठरणे' म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणे, हे तिला समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. आता ती एकटी वाचते, बोट ठेवून. याहून जास्त मला कशाचीच गरज नाही.

दौंड

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी संस्कृत पंडिता असूनही हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं, आणि ते अशाच बायांसाठी, ज्यांना पंडिती मराठी झेपत नव्हती. छपाईही मुक्तीतच, तिथल्या मुलींच्या हातची. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, छापलेलं बायबल १९२४मध्ये आलं.

आमच्याकडे त्याची प्रत आहे. रोजच्या अभ्यासाला मी ते घेत नाही, शंभर वर्षांत भाषा बदलली आहे. पण अडलं की तिथे जाते. एका बाईने एकटीच्या जबाबदारीवर शेवटपर्यंत निभावलेलं काम आहे. समितीच्या भाषांतरात नसतो असा एकच आवाज त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लागतो. ज्या वचनाला दोन भाषांतरांत दोन वेगळे शब्द दिसतात तिथे तिसरं मत म्हणून मी रमाबाईंना विचारते. घरात आम्ही तसंच म्हणतो, 'रमाबाईंना विचार'.

कोल्हापूर

माझा अनुभव थोडा कडू आहे. इंजिनिअरिंगला असताना मी एका प्रार्थनागटात जायचो. गटातल्या एका 'भावाने' माझं इंग्रजी एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) उघडून दाखवलं: प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. वचन ३६ नंतर थेट ३८. ३७ गायब. 'तुझं बायबल कापलेलं आहे, किंग जेम्स घे,' असं सगळ्यांसमोर सांगितलं. मत्तय १७:२१ही तसंच. मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. देवाच्या वचनातून कुणी काही काढलं असेल तर मी कशावर उभा आहे?

उत्तर शोधायला वर्ष गेलं. किंग जेम्स हे इंग्रजी भाषांतर १६११चं. त्याच्यामागचा ग्रीक मजकूर डच विद्वान इरॅस्मसने १५१६मध्ये प्रथम छापला, त्या वेळी हाताशी असलेल्या मोजक्या, उशिराच्या हस्तलिखितांवरून. नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे फ्रेंच मुद्रक रोबेर एतिएनने १५५१मध्ये दिले, त्याच मजकुराच्या परंपरेत. पुढे चौथ्या शतकातली हस्तलिखितं अभ्यासकांच्या हाती आली आणि त्यांत ही वचनं नव्हती. नव्या भाषांतरकारांनी ती मुख्य मजकुरातून काढून तळटिपेत ठेवली, आकडा मात्र जुनाच राहिला, म्हणून ती फट दिसते. म्हणजे कुणी चोरी केलेली नव्हती, उलट जागा उघडी ठेवून सांगितलं होतं. मार्कची शेवटची बारा वचनंही त्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, तिथली टीप वाचा.

आज मी दोन्ही ठेवतो. ज्यांना किंग जेम्स प्रिय आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण नवख्या पोराच्या हातातलं बायबल खोटं आहे असं सांगण्याआधी तळटीप वाचा, एवढीच कळकळीची विनंती. आणि तळटिपा नसलेलं बायबल अभ्यासाला घेऊ नका, मग ते कुठलंही असो.

न्यू जर्सी

आम्ही रात्री मुलांना मराठीतून वाचून दाखवतो. धाकटीने विचारलं, 'आजोबांना ते म्हणायचं असं तू सांगतेस, मग येशूला तो का?' जुन्या भाषांतरात 'येशू म्हणाला', आणि समकालीन आवृत्तीत 'येशू म्हणाले'. ग्रीकमध्ये हा प्रश्नच नाही, तिथे असा आदरार्थी फरक नाही. म्हणजे हा निर्णय सर्वस्वी मराठी भाषांतरकाराचा.

मी तिला सांगितलं की आईला आपण 'तू' म्हणतो, देवालाही 'तू'च म्हणतो. विठोबा 'तो'च असतो. ती म्हणाली, पण गुरुजी तर 'ते' असतात ना, आणि शिष्य त्याला गुरुजी म्हणतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ती समकालीन वाचते, मी जुनं, आणि एकच गोष्ट दोघींना थोड्या वेगळ्या अंतरावरून दिसते. मुलांसोबत वाचणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्या. मध्येच बदललं की मुलं गोंधळतात.

मिरज

मी दोन वर्षं ग्रीक शिकलो, पाळक (चर्चचा धर्मगुरू) झालो नाही, औषधाचं दुकान चालवतो. एक गोष्ट जोडतो. ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द. इंग्रजीतही एकच. मराठीला मात्र दर वेळी ठरवावं लागतं की ऐकणारा आत आहे की बाहेर. योहानाचं पहिलं पत्र उघडा: 'जे आम्ही पाहिले' तिथे आम्ही, कारण वाचकांनी पाहिलेलं नाही, आणि पापाची गोष्ट निघाली की 'आपण'. इंग्रजी वाचणाऱ्याला ही वाट स्वतः शोधावी लागते. मराठी भाषांतरकाराने ती शोधून ठेवली आहे, पण त्याने शोधली म्हणजे ती त्याची समजूत आहे, हेही लक्षात ठेवायचं. मी अभ्यास करताना प्रत्येक 'आम्ही'खाली रेघ मारतो आणि 'आपण' घालून वाचून बघतो.

पुणे, पुन्हा मी

मिरजकरांचं वाचून आईचं बायबल परत काढलं. मार्क ४:३८. वादळ, नाव पाण्याने भरत चाललेली, प्रभू उशी घेऊन झोपलेला, आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात की बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? 'आम्ही बुडतो' म्हटलं तर तो त्यांच्यात नाही. 'आपण बुडतो' म्हटलं तर तोही त्याच नावेत आहे, तोही बुडणार आहे. ग्रीक काहीच सांगत नाही.

मला काय सापडलं ते आत्ता लिहीत नाही. आपापली प्रत उघडा आणि तुमच्याकडे कोणता शब्द आहे तो इथे टाका. भाषांतराचं नावही लिहा.