नारळपाण्याचं केफिर : माझ्याकडचे दाणे चालतील का आणि फायदे खरंच आहेत का?

सावद्याची_सून :
नमस्कार मंडळी, पुण्याच्या नणंदेने केफिरचे (म्हणजे विरजणासारखं घालून आंबवलेल्या आंबटसर पेयाचे) दाणे पाठवलेत, शिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, जरा पिवळट. सासूबाईंना दूध अजिबात पचत नाही म्हणून शहाळ्याच्या पाण्यात करून द्यावं म्हणतेय. नेटवर तर शुगर, बीपी, सांधे सगळ्यावर औषध म्हणून लिहिलंय, त्यातलं खरं किती? त्यांना शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे दाणे जगतात तरी का?

धुळेकर_नाना :
ताई, नारळाचे असे वेगळे दाणे नसतात. तुमच्याकडचे पाण्याच्या केफिरचे आहेत, म्हणजे बॅक्टेरिया आणि यीस्ट एकत्र राहतात आणि साखरेपासून तो पारदर्शक गोळा बनवतात. दुसरे दुधाचे, ते पांढरे गुबगुबीत असतात, ते नारळाच्या दुधात चालतात पण अधूनमधून परत गाई-म्हशीच्या दुधात टाकावे लागतात. तुमचे शहाळ्याच्या पाण्यात मस्त चालतील, फक्त त्यात नेहमीची साखर कमी असते त्यामुळे दाणे वाढत नाहीत, सारखे त्यातच ठेवले तर बारीक होत जातात. म्हणून एक-दोन खेपा झाल्या की ग्लासभर पाण्यात मोठा चमचा साखर आणि गुळाचा छोटा खडा टाकून त्यात एक दिवस ठेवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर उकळून गार करून घ्या, आणि मध नका टाकू, मध जंतू मारतो.

भुसावळची_माई :
उन्हाळ्याचं मी सांगते बाई, आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तरी दाणे टिकतात. त्यांना २० ते ३० डिग्री आवडतं, म्हणून माठाशेजारी ओल्या फडक्यात बरणी ठेवायची आणि चोवीस तास म्हणतात ते विसरून जायचं, दहा-बारा तासांनी चाखून बघायचं. गोडी कमी झाली, जिभेला जराशी चुणचुण आली, बारीक बुडबुडे कडेने वर यायला लागले की लगेच गाळायचं नि फ्रिजमध्ये. तोंडावर फडकं बांधायचं, झाकण घट्ट लावायचं नाही, गॅस धरतो आणि बाटली फुटू शकते. गावाला जाणार असाल तर साखरपाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा दिवस काही होत नाही. बुरशी दिसली, रंगीत लव आली की मात्र दाण्यांसकट फेकून द्यायचं, मोह नको.

औषधवाला_जळगाव :
फायद्याचं मी बोलतो कारण दुकानात रोज हेच विचारतात. दूध पचत नसेल तर हे बरं, यात दुधातली साखर नाहीच. पोटाला चांगले जंतू मिळतात, काहींना गॅस, बद्धकोष्ठ यात बरं वाटतं. पण पाण्याच्या केफिरवर माणसांमध्ये झालेला अभ्यास फार थोडा आहे, शुगर-सांधे बरे होतात असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दुधाची प्रोटीन नि कॅल्शियमची जागा पण हे घेत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १०० मिली शहाळ्याच्या पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तुमच्या सासूबाईंची गोळी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन असेल, नाहीतर किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढू शकतं. शुगरवाल्यांनी कितीही आंबवलं तरी थोडी साखर उरतेच हे लक्षात ठेवा, आणि यीस्टमुळे किंचित अल्कोहोल पण बनतं. कीमो चालू असलेल्यांनी नकोच.

सावद्याची_सून :
टेल्मिसार्टनच आहे भाऊ! बरं झालं विचारलं, आता आधी रक्ताचा रिपोर्ट. नारळपाणी नको म्हटलं तर दुसरं काय?

धुळेकर_नाना :
मग साधं साखरपाण्याचं करा ताई, आल्याचा तुकडा आणि लिंबाची फोड टाकून, त्यात पोटॅशियमचा प्रश्न नाही. दाणे गाळून घेतल्यावर आंबण्यासाठी अजून काही तास ठेवलं तर गोडी आणखी उतरते. सासूबाईंना आधी दोन-तीन चमचेच द्या, जेवणानंतर, पोट कसं राहतं बघून मग वाढवा. दाणे वाढले की चमचाभर आमच्यासाठी ठेवा बरं का, केळीच्या गाडीबरोबर सावद्याला येणं होतंच आमचं.